काकांचा गोळ्यांचा डबा

आईच्या लघवीच्या जळजळीवरच्या उरलेल्या गोळ्या मी शेजारच्या काकांना दिल्या, ही चूक माझीच. फेकवत नव्हत्या, इतकंच कारण. आमच्या नांदेडच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या काका एका डब्यात जपायचे आणि जंतूंबद्दल ते सोयरेधायरे असल्यासारखं बोलायचे. "लेकराच्या कानातला जंतू येगळा, म्हाताऱ्याच्या छातीतला येगळा, बायांच्या लघवीतला तर लईच येगळा!" एवढं समजावून डब्यात हाताला लागेल ती गोळी ते कुणालाही द्यायचे.

मग त्यांच्याच अंगठ्याला नवी चप्पल चावली. त्यांना शुगर होती.

"काका, दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"कशाला? तुमच्या मातोश्रींच्या गोळ्या घेऊन राहिलो की!"

पाय काळा पडू लागल्यावर ते गेले. जखमेत दोन-तीन जातींचे जंतू निघाले. त्यांतल्या एकावरही त्या गोळ्या चालणाऱ्या नव्हत्या. अंगठा काढावा लागला.

काल भेटायला गेलो, तर काका कौतुकाने सांगू लागले, "डॉक्टर म्हणला, शुगरवाल्याच्या पायात जंतूंचा बाजारच भरतो."

मला हसता आलं नाही. "काका, त्या दिवशी तुम्हाला ओढून न्यायला पाहिजे होतं. घरी टीव्हीवर मॅच चालू होती, म्हणून मी हट्ट धरला नाही. मला माफ करा."