धुरपताचा मोह

चांद्याकडच्या जंगलकाठच्या गावात धुरपता नवरी होऊन आली, तेव्हा सासूने तिला धानाच्या बांधीपलीकडचं मोहाचं झाड दाखवलं. म्हणाली, "हे आता तुयं." तेव्हापासून चैतात झाडाखालचा पाचोळा झाडणं, सकाळी फुलं वेचणं, वाळवून वर्षभर पुरवणं, हे काम तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटलं आणि नाल्यापल्याड एका ठेकेदाराने दगडी कोळशाचे ढीग उघड्यावर पेटवून कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी कोक करायला घेतला. पिवळट धूर गावावर बसून राही. पाऊस आला की तोच पाण्यातून खाली उतरे. पागोळीचं पाणी जिभेला आंबट लागे. मोहाच्या पानांवर तांबडे डाग पडले, शेंडे वाळले. फुलं आली ती टोपलीचा तळ झाकण्यापुरती.

त्याच सुमारास ग्रामसेवकाने गावात पांढरं खत आणलं. धान कसं गर्द हिरवं झालं! धुरपताने त्याला विचारलं, "भाऊ, हे झाडाले चालते का?"

"का नाही? झाडालाही अन्न लागतंच, बाई."

धानातलं वाचवून तिने ओंजळीने बुंध्याशी खत घातलं. मोहाला लसलशीत पालवी फुटली. नवऱ्याला, मुखरूला, ती ओढतच घेऊन गेली. "पाहा ना, जगलं!"

पण पुढच्या पावसात आधी तीच कोवळी पानं करपली. तिने घाबरून आणखी खत घातलं. माती घट्ट झाली, गांडूळ दिसेना. तिने मुळं उकरली तर काळी पडलेली. बोट लावताच साल सुटली.

ग्रामसेवक आला, उकिडवं बसून त्याने बुंध्याची माती चिमटीत घेतली. "वरून पाऊस आंबट, त्यात हे खत. माती आंबली, बाई. मला आधी कळायला हवं होतं."

"मंग आता काय करू?"

"चुना टाकून बघू. पण तो धूर कोण थांबवणार?"

चुना टाकला. काही झालं नाही.

"वठलं ते," मुखरू म्हणाला. "तोडतो."

"माह्या डोऱ्यादेखत नोका तोडू."

ती बाजाराला गेली तेव्हा त्याने कुऱ्हाड घातली.

पुढच्या चैतात नाल्याकाठच्या एकाही मोहाखाली फुलं पडली नाहीत. गावच्या बाया कोळशाच्या ढिगांवर टोपल्या वाहायला जाऊ लागल्या, धुरपताही गेली. दिवस मावळता ती खोकत घरी आली.

"जंगलात फुलं वेचाले नाई गेली?" मुखरूने विचारलं.

"काऊन जाऊ? तिथं माहं झाड कुठं हाय?" ती म्हणाली, आणि चुलीवर भाताचं आधण ठेवलं.