भूपाचा मालकंस

मोईन मास्तरांच्या घरात कोळसा चुलीपेक्षा भिंतीवर जास्त संपायचा. नवाबपुऱ्यातल्या त्यांच्या बैठकीत पाऊल टाकलं की समोरची भिंत उर्दू आकड्यांनी काळी झालेली दिसायची. नवखा माणूस बिचकायचा, आपण चुकून मांत्रिकाकडे तर आलो नाही ना, असं त्याला वाटायचं. मास्तर बोटांची काजळी शेरवानीला पुसत म्हणायचे, "घाबरू नका. सुरांचा नक्शा हाय." आतून भाभींचा आवाज यायचा, "आणि शेरवानी मी धुवायची!"

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. ते उर्दूतून गणित शिकवत, मी मूठभर पोरांना मराठी. गाण्याचं वेड दोघांनाही होतं. मला ऐकायचं, त्यांना मोजायचं. सारंगिये, सतारिये सप्तकातल्या ज्या बावीस श्रुती नुसत्या कानानं धरतात, त्या त्यांना आकड्यांत बांधायच्या होत्या. प्रत्येक सुराचं षड्जाशी असलेलं नातं दोन आकड्यांत लिहायचं, म्हणजे कुणालाही, कुठंही, तोच सूर तसाच लावता यावा. उर्दूत गुणोत्तराला निस्बत म्हणतात आणि सोयरीक जुळण्यालाही निस्बतच. मास्तरांनी त्यावरून सगळं गणित मला पाजलं. "सा आणि पंचम, तीनास दोन. घरच्या घरात सोयरीक, लगेच जमती. आता तीव्र मध्यम बघा, पंचेचाळीसास बत्तीस. एवढं लांबचं स्थळ, की वऱ्हाड पोचेपर्यंत नवरदेव म्हातारा!"

माणूस मोठा गोड, पण मनात डूख धरला की सुटका नाही. गुलमंडीवरचा एक पानवाला एकदा हसत म्हणाला होता, "मास्तर, गाणं गळ्यात असतंय, पाटीवर नाय." मास्तरांनी त्या दिवसापासून पान सोडलं. सोडलं ते सोडलं, वर रोज संध्याकाळी त्याच्याच दुकानासमोर उभं राहून शेजारच्याकडून सुपारी घ्यायचे आणि तिची मोठ्यानं तारीफ करायचे. मी म्हटलं, माफ करून टाका गरिबाला. तर म्हणाले, "माफी अल्लाचं काम हाय, गुरुजी. मला पोरांचे पेपर तपासायचं काम काय कमी हाय का?"

अशा माणसाच्या घरी चोरी करायची बुद्धी एकाला झाली. पुण्याकडून कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर मॅनेजर म्हणून आलेला हा गृहस्थ स्वतःला संगीतशास्त्री म्हणवायचा. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. छापील नावाची त्याला फार हौस होती. पेटीवर चार राग वाजवायचा आणि चाळीस रागांवर बोलायचा. मास्तरांच्या बैठकीत वर्षभर येऊन बसला, भाभींच्या हातच्या खिचडा-शीरखुर्म्यावर पुष्ट झाला, भिंतीवरचे आकडे "टिपण म्हणून" उतरवून घेऊन गेला. मास्तर खूश! त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी कुणाला तरी आपलं काम कळलं.

मग एक दिवस गावात पुकारा झाला. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये व्याख्यान, विषय 'माझी नवी श्रुतिगणित पद्धती'. माझी! दारावर तक्ता टांगला होता, बावीसच्या बावीस श्रुती देवनागरी आकड्यांत. मी तर त्याची गचांडी धरायला निघालो होतो. मास्तर तक्ता वाचत थांबले आणि एकदम खुदकन हसले.

"पंचम काय लिवलाय वाचा."

"दोनास तीन."

"व्हय ना! उर्दू उजवीकडून वाचतेत. ह्यानं सगळी भिंत डावीकडून वाचली."

त्या माणसाला उर्दू आकडे तेवढे येत, तेही निजामाच्या हाली नोटा मोजण्यापुरते. सुटा आकडा उर्दूतही डावीकडूनच लिहितात, तेव्हा ओळही तशीच असणार, असा त्याचा हिशेब. परिणामी एकूण एक नातं उलटं झालं होतं. "तोंडातून अक्षर काढू नका," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत असा आनंद मी ईदलाही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. शास्त्रीबुवा घसा साफ करून गर्जले, "माझ्या पद्धतीला कानाची गरजच नाही! बहिऱ्यानं आकडे लावावेत आणि राग उभा राहावा!" मागच्या बाकावरून मास्तर उठले. काखेत घरची एकतारी फळी होती. तिच्यावर इंचांच्या खुणा आणि तारेखाली सरकती घोडी. अदबीनं झुकून म्हणाले, "हुजूर, एकच राग. भूप. तुमच्याच हातानं, तुमच्याच आकड्यांनी."

नाही म्हणायला जागाच नव्हती. तक्त्यात बघून तो एकेक सूर लावत गेला आणि घोडी नेमकी उलट्या बाजूला सरकत गेली. भूपाचे पाच सूर असे उलटे केले की बरोबर मालकंसाचे पाच होतात. चढायचा तो राग उतरू लागला. पहिल्या रांगेतला म्हातारा सारंगिया कान टवकारून बसला होता. पाचवा सूर पडताच तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "वाह! फर्माइश भूप की, और पेश हुआ मालकंस!" जो हशा उसळला, तो शहागंजपर्यंत गेला असेल. शास्त्रीबुवांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा मालकंस. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि आजही ते तोंड आठवलं की गार वाटतं.

बाहेर पडताना मात्र लोक बोलत होते ते वेगळंच. "आकड्यांनी कुठं गाणं होतं का!" तो सारंगियाही हेच म्हणाला. मी मास्तरांचा हात धरला. "आत्ता मागं फिरा. सांगा, नक्शा माझा आहे, उजवीकडून वाचा. नाहीतर त्याच्याबरोबर तुमचंही काम बुडालं!"

"सांगितलं तर त्यालाबी कळंल. उद्या दुरुस्त करून पुण्याला छापंल. छापलेलं खरं, माझी भिंत खोटी." थोडं चालून म्हणाले, "बुडू द्या. पण त्याच्या नावानं तरणार नाय."

पुढच्या ईदला त्यांनी बैठकीला चुना मारून घेतला. भाभी इतकी वर्षं मागं लागल्या होत्या, पण भिंत पांढरी झाल्यावर त्याच रडल्या. मास्तरांनी नक्शा पुन्हा कधी मांडला नाही. निजामी संपायच्या आधीच ते गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो माणूस माझ्या घरी आला. खंगला होता. चूक कुठं आहे ते त्याला अजून सापडलं नव्हतं. कुणाला विचारायचं तर आकडे कुठून उचलले हे सांगावं लागलं असतं. भिंतीवरून उतरवून नेलेले ते कागद त्यानं माझ्यापुढं ठेवले. नक्शाची जगातली एवढीच प्रत उरली होती. "तुम्ही त्यांचे मित्र. तुम्हाला ठाऊक असणार. एकदा सांगा, पुस्तक तयार आहे."

"नाव कुणाचं घालणार?"

तो जरा घुटमळला. "आता ते तर गेले. प्रस्तावनेत आभार मानीन की, अगदी मनापासून."

'उजवीकडून' एवढं म्हटलं असतं तर बावीस श्रुती त्याच क्षणी जागच्या जागी बसल्या असत्या. मी म्हणालो, "आकडे बरोबर आहेत, साहेब. कान तपासून घ्या."

कागद गोळा करून तो जिना उतरला. मास्तरांचं सगळं आयुष्य त्याच्या काखेत होतं, आणि मी त्याला हाक मारली नाही.