हिरव्यात आलेला दंड

लालबागच्या आमच्या अंगणवाडीत कुपोषण मोजायची दंडाची पट्टी माझ्याच हातात असते. बाळाच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची आणि रंग बघायचा. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे जिवाला धोका. वजनकाट्यावर मूल हातपाय झाडतं, आकडा हलत राहतो. पट्टीपुढे मात्र कुणाची मात्रा चालत नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन.

माझी जीभही तशीच तिखट. समोरच्या चाळीतली एक आई आपलं वर्षाचं पोर घेऊन आली, तर पट्टी पिवळ्यात. दहा बायकांदेखत मी तिला फैलावर घेतलं. "मोबाईल बघायला वेळ आहे, पोराला भरवायला नाही? पुढच्या महिन्यात हिरव्यात आण."

तिने आणलं. जावळ काढलेलं, तुकतुकीत टक्कल. डोकं भादरलं की या वयाची पोरं सगळी सारखीच दिसतात. पट्टी चक्क हिरव्यात! मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती मान खाली घालून उभी होती, मला वाटलं लाजली.

दुपारी रजिस्टर भरताना माझा हात थांबला. महिन्याभरात दंड दोन सेंटीमीटर भरला? इतका कुणाचाच भरत नाही. पट्टी पर्समध्ये टाकली आणि तडक चाळीचे तीन जिने चढले.

पोर चटईवर पडलं होतं. डोक्यावर जावळ तसंच. रडतही नव्हतं. मी दंडाला पट्टी लावली. लाल.

"मग सकाळी कुणाला आणलंस?"

"वडाळ्याच्या जावेच्या पोराला. ह्याला जुलाब लागलेत, सुकतच चाललाय. तुम्ही परत सगळ्यांसमोर ओरडाल म्हणून..."

टॅक्सी केली आणि दोघांना घेऊन थेट इस्पितळ गाठलं. ह्याला काही झालं तर ते माझ्या तोंडामुळे, हे टॅक्सीत बसल्यावर कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

पोर वाचलं. पट्टीवरचा माझा विश्वास उलट वाढलाच. फक्त आता ती मी आईच्या हातात देते आणि रंग मोठ्याने सांगत नाही.

इस्पितळातून सुटल्यावर ती आली. पोर तिच्या मांडीवरून माझी ओढणी खेचत होतं. तिने स्वतः पट्टी गुंडाळली. पिवळा! मला तर नाचावंसं वाटलं. पण तिने रंग बघितलाच नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.