एकोणतीस अठ्ठे

मला तीसपर्यंतचे पाढे येतात, हे मी इथे सौदीतल्या जुबैलमध्ये कुणाला सांगायला नको होतं.

आमची सई चौथीत. रविवारी (इथे शाळेचा आठवडा रविवारीच सुरू होतो) गणिताची परीक्षा, आणि पोरगी सातच्या पाढ्यातच धापा टाकत होती. आमच्या कंपाउंडमध्ये डावीकडे लिंडाबाई, कॅनडातल्या शिक्षिका. उजवीकडे मिसेस चेन, पाठांतराच्या पक्क्या. त्यांचे यजमान माझ्याच प्लांटवर.

"मुलांना समजून शिकू द्यावं. सईला लिंडाकडे पाठवू," मंजिरी, म्हणजे आमची सौ., म्हणाली.

"घोकल्याशिवाय काही येत नाही! चेनबाईंकडे पाठव."

शेवटी आठवडाभर दोघींकडे अर्धा-अर्धा तास, असं ठरलं.

लिंडाबाईंनी इथल्याच बुरैदा गावचा खजूर टेबलावर ओळीने मांडून आठाचा पाढा शिकवला. सईने तो खाऊन टाकला. चेनबाईंकडे खाणंबिणं नाही. चुकलं की पहिल्यापासून! (नाशिकच्या आमच्या गुरुजींची हीच पद्धत. फक्त त्यांच्याकडे छडीही असे.)

शुक्रवारी संध्याकाळी दोघींना चहाला बोलावलं. वर्षभर सईला कुणाकडे पाठवायचं, याचा निकाल लावायचा होता. मी अर्थातच गप्प बसलो नाही.

"घोकंपट्टीचा जिवंत पुरावा तुमच्यासमोर बसलाय. आय नो टेबल्स अप टू थर्टी!"

"वंडरफुल!" लिंडाबाई गोड हसल्या. "ट्वेंटी-नाइन एट्स?"

आता पाढा असा अधेमधे कसा सुरू होणार? मी भिंतीकडे तोंड करून पुटपुटायला लागलो, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." पंचेपर्यंत आलो, तोच चेनबाईंनी अदबीने विचारलं, "मोअर टी?" झालं! पुन्हा एकेपासून. या वेळी सक गाठलं, तर लिंडाबाई म्हणाल्या, "टेक युअर टाइम, यू आर डूइंग ग्रेट!" कौतुकाने तर पाढा साफच उडाला.

"अहो, चहा निवतोय," मंजिरी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"टू... टू फॉर्टी-टू!" मी ठोकून दिलं.

"नो, बाबा!" सई तोंडातला खजूर चघळत म्हणाली. "थर्टी एट्स टू-फॉर्टी. उसमें से एक एट निकालो. टू थर्टी-टू. इट्स सो ईझी!"

"हे कुणी शिकवलं तुला?"

"थ्री एट्स चेन आंटीने रटवाया. बाकी लिंडा आंटीचं."

मला इतका आनंद झाला की हरल्याचं लक्षात यायला जरा वेळ लागला. दोघी बायका एकमेकींकडे बघून समाधानाने हसल्या. चुकीचा असा फक्त मीच निघालो.

सईची परीक्षा छान झाली. ती अजून दोघींकडे जाते, आणि आता मीही जातो. चेनबाईंनी मला एकोणतिसाचा पाढा पन्नास वेळा लिहायला दिलाय, तोही उलटा. परवा लिंडाबाईंनी माझ्या वहीवर सोनेरी तारा चिकटवला. प्रयत्नाबद्दल! उत्तर तेव्हाही चुकलंच होतं, पण तारा मी फ्रिजवर लावलाय, सईच्या ताऱ्यांच्या खाली.