दादाला डावी बाजूच का लागते

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, वीस वर्षं काचा घासणाऱ्या या माणसाला घरीदारी सगळे शंकासुर म्हणतात. नाव वहिनीने ठेवलं. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात याने तिला विचारलं होतं, "वहिनी, आज चहात साखर अगदी बरोबर पडली. तुम्हाला कोणी सांगितलं?" बरोबर पडलेल्या साखरेचाही ज्याला संशय येतो त्याला दुसरं काय म्हणायचं? लिफ्टमध्ये शिरण्याआधी हा गडी मान वाकडी करून वर बघतो. औषधाची बाटली नवी आहे म्हणून सांगितलं तरी झाकण दोनदा हुंगतो. लग्नासाठी सात फोटो आले, आणि सातही फोटोंत त्याला उजेड चुकीच्या बाजूने पडलेला दिसला. राहिला तसाच.

असला माणूस व्हिडिओ गेमच्या नादी लागला म्हणजे बघायलाच नको. लोक करमणुकीसाठी खेळतात, हा चौकशीसाठी खेळतो. खेळून झालं की एका साइटवर आपलं मत लिहितो, शंकासुर याच नावाने, आणि भिडभाड न ठेवता लिहितो. तलवारबाजीच्या एका नावाजलेल्या गेमबद्दल त्याने लिहिलं, "आठ गुंड नायकाला घेरतात आणि मग एकेक करून पुढे येऊन मार खातात. बसच्या रांगेतसुद्धा मी एवढी शिस्त पाहिलेली नाही. यांना कोणीतरी आधी पढवून ठेवलंय." बंदुकीच्या गेमबद्दल लिहिलं, "बंद खोलीत अचानक गोळ्यांचे चार डबे आणि मलमपट्टीचं सामान दिसलं की समजा, पुढच्या दाराआड मोठं धूड उभं आहे. या जगात फुकट मलमपट्टी कोणी देत नाही." राज्य उभारायच्या एका गेममध्ये तर त्याने तीन रविवार बसून संगणकाच्या मुलखातली झाडं मोजली. संगणक किल्ल्यावर किल्ले बांधत होता आणि त्याच्या जंगलातलं एक झाड कमी होत नव्हतं. "लाकूड येतं कुठून? विचारा की बनवणाऱ्यांना!" कोणी विचारलं नाही. पण चारशे लोकांनी ते वाचलं, आणि चारशेच का, पाचशे का नाही, याचाही त्याला संशय आला.

गेल्या वर्षी दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलं. काच ठेवायची, बटण दाबायचं, झालं. मालकांनी त्याला मागच्या खोलीतून उचलून पुढे आणला आणि गिऱ्हाइकांना तक्ता वाचायला लावून नंबर काढायच्या कामावर बसवला. पगार तोच, खुर्ची जास्त मऊ. झालं! शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली. मालक हसून बोलायला लागले, वहिनी ताटात जास्त वाढायला लागली, शेजारची मावशी "बरं चाललंय ना?" म्हणून विचारायला लागली. सगळ्यांना याची कीव येतेय, अशी त्याची खात्री झाली. कीव म्हणजे त्याला विष. संशय परवडला.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दादा हरायला लागला.

दादा म्हणजे याचा थोरला भाऊ. शहर बसचा ड्रायव्हर, अंगाने दांडगा, बोलायला फटकळ. लहानपणापासून त्याने शंकासुराला एकही खेळ जिंकू दिलेला नाही. पत्ते म्हणू नका, कॅरम म्हणू नका, गोट्या म्हणू नका. धाकटा रडला तर "रडून घे, मग पुन्हा ये," म्हणायचा. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघे दादाच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसून मारामारीचा गेम खेळतात. दोन पहिलवान समोरासमोर. पहिलं रिमोट ज्याच्या हातात, त्याचा पहिलवान पडद्यावर डावीकडे उभा राहतो, दुसऱ्याचा उजवीकडे. सात वर्षं दादाने याला धू धू धुतला. "तुझा गडी विचार करत उभा राहतो रे, माझा मारतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या मार खाण्यात शंकासुराला, खरं सांगायचं तर, जिवाला थंडावा मिळायचा. जगात एक तरी माणूस आपल्याशी खोटं वागत नाही, एवढा भरवसा त्याला दर रविवारी मिळायचा.

दोन महिन्यांपूर्वी ते बिघडलं. शंकासुर जिंकू लागला. एकदा, दोनदा, मग सरसकट. त्याने उडी मारून दादाच्या पहिलवानामागे जायचं, की दादाचा गडी खांबासारखा उभा! आणि दर रविवारी दादा पहिलं रिमोट आधीच हिसकावून बसायचा. "मला डावी बाजूच लागते. आजपुरती नाही, कायमची," म्हणायचा. पूर्वी असला हट्ट नव्हता. इथे नक्की पाणी मुरतंय, शंकासुर मनाशी म्हणाला. दादा मुद्दाम हरतोय. धाकट्याचं काम यंत्राने नेलं, बिचारा, जिंकू दे त्याला. दादासुद्धा!

हा विचार त्याला इतका झोंबला की दुकानात तो गिऱ्हाइकांवर खेकसायला लागला. त्यातच एका सोमवारी दादा नवा चष्मा करायला आला. शंकासुराने त्याला तक्त्यासमोर बसवलं. दादाने प्रत्येक ओळ वाचली, अगदी खालची बारीकसुद्धा, पण दर ओळीतली पहिली एकदोन अक्षरं गाळून. "पुरे कर चेष्टा," शंकासुर म्हणाला. "चेष्टा कसली? आहे ते वाचलं," दादा म्हणाला. शंकासुराला वाटलं, हाही त्यातलाच प्रकार. माझं नवं काम किती पोरकट आहे ते दाखवतोय. त्याने रागारागाने गाळलेली अक्षरं स्वतःच्या मनाने धरली, कागदावर नंबर लिहिला आणि चष्मा करून दिला. वीस वर्षं ज्याने काचेवरचा केसाएवढा ओरखडा सोडला नाही, त्याने त्या दिवशी चक्क डोळेझाक केली.

मग त्याने सापळा लावायचं ठरवलं. मुद्दाम हरणारा माणूस त्याला कळतो, असा त्याचा दावा होता. असा माणूस जरा उशिरा चुकतो आणि चुकल्यावर लगेच समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. येत्या रविवारी पहिलं रिमोट आपण घ्यायचं, दादाला उजवीकडे ढकलायचं आणि त्याचा चेहरा बघत बसायचं. चोरी पकडली की तोंडावर सांगायचं, "तुझी कीव तुझ्यापाशी ठेव," आणि उठून यायचं ते कायमचं.

रविवारी जेवताना वहिनी कुरकुरत होती. "भाऊजी, तुम्हीच सांगा. यांच्या ताटात डावीकडे वाढलेलं रोज तसंच राहतं. बाहेर खाऊन येतात की माझ्या हाताची चव गेली?"

"वाढतेसच कुठे तिकडे?" दादा म्हणाला.

"ऐका! आता मी वाढतही नाही!"

शंकासुर गालात हसला आणि लगबगीने जाऊन पहिलं रिमोट पटकावून बसला. दादाने आरडाओरडा केला, पण चार वाजता त्याची ड्युटी होती आणि अडीच वाजून गेले होते. बसला उजवीकडचा पहिलवान घेऊन.

पहिली फेरी दादा अर्ध्या मिनिटात हरला. दुसरी त्याहूनही लवकर. शंकासुराची नजर पडद्यावर कमी, दादाच्या तोंडावर जास्त होती. आणि तिथे हरामखोरी औषधालाही सापडेना. दादा दात-ओठ खाऊन खेळत होता. कपाळावर घाम होता. तो उशिरा चुकत नव्हता, तो आधीच चुकत होता. समोर कोणी नसताना ढाल धरत होता, आणि मार बसला की दचकत होता, जणू भिंतीतून कोणी हात काढून मारलं. एकदाही त्याने धाकट्याकडे बघितलं नाही. चौथ्या फेरीत शंकासुराने आपला पहिलवान जागचा हलवलाच नाही. नुसता उभा. दादाचा गडी हवेत लाथा मारत राहिला आणि दादा ओरडला, "कुठे पळालास रे भित्र्या? समोर ये की!"

शंकासुराची बोटं बटणांवरून उठली. डावीकडचं ताट. तक्त्यावरची पहिली अक्षरं. डावी बाजू मागणारा दादा, म्हणजे नकळत का होईना, समोरचा सतत उजवीकडे राहावा म्हणून. दर मंगळवारी दुकानात येणारे डोळ्यांचे डॉक्टर एकदा चहा पिताना बोलले होते ते त्याला आठवलं. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेली तर खोट डोळ्यात नसते, मेंदूत असते, आणि कित्येकदा माणसाला पत्ताही नसतो.

त्याने रिमोट खाली ठेवलं आणि दादासमोर खुर्ची ओढली. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. कुठला हात हलतोय ते सांग." दोन्ही हात त्याने दोन बाजूंना धरले.

"हा," दादाने उजवीकडे बोट केलं.

"आणि आता? सांग ना," शंकासुर म्हणाला.

"आधी हात तर हलव!"

दाराशी उभी असलेली वहिनी दोन पावलं आत आली. शंकासुर दादाच्या डाव्या बाजूचा आपला हात केव्हापासून जोरजोरात हलवत होता.

"दादा, आज बस काढायची नाही. आत्ता दवाखान्यात जायचं."

दादा ताडकन उठला. "तुझं डोकं फिरलंय. आजवर साखरेवर संशय, लिफ्टवर संशय, आता माझ्या डोळ्यांवर? बावीस वर्षं गाडी चालवतोय, खरचटलं नाही कोणाला. चार वाजता गाडी लागणार म्हणजे लागणार." आणि मग डोळे बारीक करून म्हणाला, "का रे, तुला पुढे आणून बसवलं म्हणून मलाही कुठेतरी नेऊन बसवायचं आहे का तुला? तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय हे?"

शंकासुराने हा आवाज ओळखला. हा त्याचाच आवाज होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर ओतलेलं सगळं आता त्याच्या अंगावर येत होतं, आणि असला माणूस कशाने ऐकतो ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? समजावून तर मुळीच नाही. रडून नाही, शपथा घालूनही नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. मी लबाड, वहिनी लबाड. तुझा स्वतःचा हात तर लबाड नाही? टीव्हीच्या मधोमध बघ. डावा हात बाजूला लांब कर, आणि बोटं हलवत हलवत हळूहळू समोर आण. दिसला की सांग. मग जा खुशाल ड्युटीवर."

"पोरखेळ," दादा म्हणाला, पण त्याने हात लांब केला. बोटं हलवत तो समोर आणू लागला. हात खांद्यापुढे आला. दादा वाट बघत होता. हात गालापुढे आला, डोळ्यापुढे आला. दादा अजून वाट बघत होता. थेट नाकाच्या सरळ रेषेत आल्यावर त्याची स्वतःची बोटं त्याला दिसली आणि तो केवढ्याने दचकला! हात तसाच ताठ धरून त्याने तो मागे नेला, पुन्हा पुढे आणला. तीनदा. मग खाली बसला.

"परवा एक सायकलवाला," तो हळू आवाजात म्हणाला. "बसमधले सगळे ओरडले. मला वाटलं, अचानक कुठून उगवला हा. मी वर त्यालाच शिव्या दिल्या." वहिनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि रडायला लागली.  शंकासुराला तो सोमवार आठवत होता. "मी तुला तक्त्यावर पकडायला हवं होतं, दादा. माझं कामच होतं ते. मला वाटलं तू कीव करतोयस माझी."

"कीव? तुझी?" दादाने फोन काढला. डेपोत लावला. "आज गाडी दुसऱ्याला द्या," तो साहेबांना म्हणाला. "डोळ्यांचं काहीतरी झालंय. नाही, उद्याही नाही. मी कळवतो." त्याने फोन ठेवला, खिशातला ड्युटीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसला. 

चपला घालताना त्याने विचारलं, "म्हणजे दोन महिने तू मला हरवत होतास ते या भानगडीमुळे?"

"हो."

"मग ते धरायचं नाही. तू मला अजून एकदाही हरवलेलं नाहीस."

"नाही हरवलेलं," शंकासुर म्हणाला. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही.

वहिनी कागदपत्रांची पिशवी घेऊन पुढे उतरली. जिन्याच्या तोंडाशी दादा थांबला. भिंत उजवीकडे होती, डावीकडे बुटका कठडा आणि त्यापलीकडे तीन मजल्यांची मोकळी पोकळी. दिसत नसली तरी ती तिथे आहे हे आता त्याला माहीत होतं.

"तू या बाजूने चाल," तो म्हणाला.

शंकासुर त्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "हात धरू का? नाहीतर तुला कळणार कसं, मी आहे की नाही ते?"

"आहेस म्हणालास ना," दादा म्हणाला आणि पायरी उतरला. तीन मजले उतरेपर्यंत त्याने एकदाही मान वळवून बघितलं नाही.