अर्धा कॅरेट

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी घरात सांगून टाकलं की मला हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. माझ्या पैशांनी, माझ्यासाठी. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि सकाळची बीपीची गोळी घेतली का, असं विचारलं.

मी मोहर्लीकडच्या, वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. बाळंतपणं, लसीकरण, साप चावलेले, अस्वलाने फाडलेले, सगळं निभावलं. एवढ्या वर्षांत माझ्या अंगावरची एकही चांगली वस्तू मी स्वतः निवडलेली नव्हती. मंगळसूत्र सासूबाईंनी पसंत केलं, कानातले नणंदेने, आणि साड्या नवऱ्याने, कारण म्हणे त्याला रंगांतलं कळतं. त्याला कळतं म्हणून मी दहा वर्षं शेवाळी हिरव्या रंगात फिरले. एकदा तरी एक वस्तू आपल्या डोळ्यांनी बघून निवडायची, एवढीच माझी हौस होती. मग हिराच का? आवडतो म्हणून. पुरुष बुलेट घेतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही.

सगळे हसले. हसली नाही ती एकटी माझी नोकरीतली जोडीदारीण. आम्ही दोघींनी एकाच उपकेंद्रात काम केलेलं. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, नवरा वारलेला, अजून नोकरीत. ती म्हणाली, "ताई, तुमी घ्याच. तुमी घेतला का मंग मीबी घेतो तुमच्या मागून."

नवरा विज्ञानाचा शिक्षक होता. त्याने चार दिवस मोबाईलवर हिऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आणि पाचव्या दिवसापासून तो सुरतेत जन्मल्यासारखा बोलू लागला. पैलूंचे कोन, प्रकाशाचं अपवर्तन, पूर्ण आंतरिक परावर्तन. जेवताना वरणाची वाटी उपडी करून त्याने मला हिऱ्याचा तळ समजावला. वर्गात हा धडा त्याने जन्मभर शिकवला होता, पण फळ्यावरचा सोडला तर दुसरा हिरा पाहिलेला नव्हता. नणंदही चिमूरहून निघून आली. चिमूरने बेचाळीसला इंग्रजांना जुमानलं नाही, तिथली बाई मला काय जुमानणार?

चंद्रपूरच्या दुकानात सेल्समनने काळ्या मखमलीवर दोन हिरे ठेवले. रंग सारखा, स्वच्छपणा सारखा, किंमतही जवळपास तीच. एक बरोबर अर्ध्या कॅरेटचा, म्हणजे पन्नास सेंट. त्याच्या कागदावर कटपुढे 'गुड' लिहिलेलं. दुसरा शेहेचाळीस सेंटचा, पण कट 'एक्सलंट'. वरच्या दिव्यांत दोन्ही असे नाचत होते की फरक सांगणाऱ्याला बक्षीस द्यावं.

नवऱ्याने आधी दोन्ही हिऱ्यांवर तोंडाची वाफ सोडली. वाफ लगेच उडते का, ते घड्याळ लावून पाहिलं. सेल्समन सोशिक होता. म्हणाला, "सर, दोन्ही खरेच आहेत. सर्टिफिकेट आहे ना सोबत." तरी नवऱ्याने दुसऱ्यांदा वाफ सोडली. आमच्या लोकांची ही जुनीच खोड. मुलगा पाहायला गेलो तरी नोकरी पक्की आहे का, शेत नावावर आहे का, एवढं खरं निघालं की बैठक उठते. माणूस घडलाय कसा, हे लग्नानंतर कळतं. मला कळलं.

नणंदेचा हिशेब त्याहून सोपा होता. "अवं, जड तो घे. धान घ्या नाई तं मासोळी घ्या, वजनच पाह्यतेत. कोनी इचारलं तं अर्धा कॅरेट म्हनता येते."

मला माझी आई आठवली. नागभीडच्या बाजारात ती तांदूळ घ्यायची तेव्हा व्यापारी निळ्या कापडावर ढीग ओतायचा, म्हणजे पिवळा तांदूळही पांढरा दिसतो. आई मूठभर तांदूळ उचलायची, व्यापाऱ्याकडे पाठ करायची आणि पदराच्या सावलीत तळहातावर पाहायची. म्हणायची, त्याच्या उजेडात त्याचा माल चांगलाच दिसन.

मी सेल्समनला म्हटलं, "हे दोन्ही मले बाहेर पाह्यचे आहेत."

दारावरच्या गार्डने बंदूक सावरली. नवरा "अवं, अवं" करत मागे उठला. मी चोर असते तर पस्तीस वर्षं सरकारी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली नसती. शेवटी सेल्समन चिमटा आणि तबकडी घेऊन स्वतः माझ्यासोबत आला आणि दुकानाच्या छपराखाली, सावलीत, मी ते दोन खडे पाहिले.

अर्धा कॅरेटवाला मधोमध काळा पडला होता. कडेला चमक आणि पोटात अंधार. शेहेचाळीसवाला मात्र सावलीतही टोकापासून टोकापर्यंत उजळ होता, आणि वजनाने कमी असूनही वरून केसभर मोठाच दिसत होता. सेल्समनने दुकानात एकदा वळून पाहिलं आणि हळूच सांगितलं, "मॅडम, त्याचं पोट खोल आहे. अर्ध्याच्या खाली गेला की भाव पडतो, म्हणून कापणाऱ्याने बुडाला वजन राखलं. उजेड वरून शिरतो आणि परत न येता खालून निघून जातो." म्हणजे वरणाच्या वाटीने सांगितलं तेच. फक्त इथे ते डोळ्याला दिसत होतं.

आत येऊन मी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "थेरी बरोबर आहे तुझी. पण शेहेचाळीस म्हणजे अर्ध्यालेबी कमी. लोकाईले काय सांगाचं?" नणंदेने मान हलवली. आणि ज्याने आताच बाहेर मला खरं काय ते दाखवलं होतं, तो सेल्समन माझ्यावरून नजर उचलून नवऱ्याला म्हणाला, "मग सर, कोणता फायनल करायचा?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर अंगठी घालून नाई राह्यले. मी घालून राह्यली. शेहेचाळीसवाला द्या." सेल्समनने तासाभरात तो अंगठीत बसवून दिला. नणंद घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, तो वरचा फायदा.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. मूलच्या पुढे रस्त्यावर झाडांची सावली लागली की अंगठी लख्ख पेटायची. मी फार खूश होते. उगाच हात खिडकीच्या दांडीवर ठेवून बसले होते.

पंधरा दिवसांनी नागभीडला एक लग्न होतं. पंगतीत समोर बसलेल्या बाईने माझा हात पाहिला. हिरा कसा आहे, ते तिने पाहिलंच नाही. मोहर्लीच्या गेटवर सफारीच्या जिप्सीतून उतरणाऱ्याला जंगल कसं होतं हे कोणी विचारत नाही, वाघ किती दिसले तेच विचारतात. तसंच तिने विचारलं, "किती कॅरेटचा?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. कट, सावली, पोट, सगळं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अर्धा."

एवढं सगळं समजावत कोण बसेल, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हतं. मला त्या बाईच्या भुवया वर गेलेल्या पाहायच्या होत्या, आणि त्या गेल्या. बाजूला माझी जोडीदारीण जेवत होती. तिने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात ती घरी आली. दारातूनच हात पुढे केला. "ताई, तुमच्यासारखाच! त्याच दुकानात गेली ना मी. म्हटलं, आमच्या ताईनं नेला तसाच अर्धा कॅरेट द्या. त्यानं लगेच काहाडून देला."

आम्ही अंगणात कडुलिंबाखाली बसलो. तिने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. मधोमध तोच काळा ठिपका होता. तो खडा मी चांगला ओळखत होते.

ती कितीतरी वेळ दोन्ही अंगठ्या पाहत राहिली. मग म्हणाली, "ताई, माया हिरा काऊन नाई चमकून राह्यला तुमच्यावानी?"

दुकानातून बदलून मिळाला असता. तिने घेऊन चारच दिवस झाले होते. फक्त मला सांगावं लागलं असतं की मी त्या पंगतीत खोटं बोलले. नवऱ्याला हसले, नणंदेला हसले, आणि नेमकं तेवढंच मला जमलं नाही.

मी म्हटलं, "नवा हाय ना. कोमट पान्यात साबन टाकून धूत जाय."

"हाव ताई," ती म्हणाली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. ती रोज धुते. मधूनमधून फोन करून सांगते की आज कालच्यापेक्षा जरा बरा दिसून राह्यला.