कंपाउंडवरचा वाढदिवस

अजून आठवलं की डोकं तापतं. पन्हाळ्याच्या वाटेवर, उघड्या माळावर, एका हॉटेलाला आम्ही जाळीचं कंपाउंड घातलं होतं. तिथलं वारं माणसालाही ढकलतं, म्हणून एकेक लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये गाडला होता. दोन पावसाळे काही हललं नाही. मग डिजिटल फलकांचं, म्हणजे फ्लेक्सचं, पेव फुटलं आणि एका सकाळी हॉटेलमालकाचा फोन आला, "तुमचं काम आडवं झालंय, बघायला या."

गेलो तर अँगल वाकून जमिनीला टेकलेले. जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट बांधलेला फलक, आणि त्यावर गॉगल लावलेला खुद्द मालक, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट. वाऱ्याला जायला बोटभर फट नव्हती.

"असलं हलकं सामान वापरता व्हय?" गिऱ्हाइकांसमोर तो माझ्यावरच ओरडला.

माझा तोल गेला. "मालक, वारं जाळीतनं जातंय, तुमच्या थोबाडातनं न्हाय!"

वाटलं, आता हा कॉलर धरणार. पण तो खाली वाकला, फलकावरच्या आपल्या तोंडाचा चिखल पुसला आणि म्हणाला, "मग पुढच्या वाढदिवसाला टिकंल असं जाड अँगल टाका की."